डब्याचं नाक

चंपा नवऱ्याला नेहमी एकच गोष्ट ऐकवायची. "देवानं तुमच्या तोंडात जीभ घालायची सोडून नुसतं 'सरी' घातलंय." कानडीत 'सरी' म्हणजे बरं, ठीक, होय. आपल्याकडे सरी पावसाच्या असतात, बंगळुरात त्या होकाराच्या. देवाप्पाच्या आयुष्यात या दुसऱ्या सरी इतक्या बरसल्या की बिचाऱ्याचं स्वतःचं असं काही कोरडं राहिलंच नाही. पाना दे, सरी. रविवारी ये, सरी. पुढच्या वर्षी बघू, सरी.

देवाप्पा भरमा खोत निपाणीजवळच्या खेड्यातला. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि दोन्हीत बोलायचं कमीच. बावन्न साली तो बंगळूरला आला आणि एका सरकारी इंजिन कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. हेल्पर म्हणजे फिटरनं हात पुढे केला की त्यावर बरोबर मापाचा पाना ठेवायचा. बस. नट स्वतः पिळायचा नाही. पिळला तर फिटर ओरडणार, आणि फिटरला जमला नाही म्हणून पिळला तर तोच फिटर दुप्पट ओरडणार. पहिल्या दोन वर्षांतच देवाप्पाला इंजिनाच्या आवाजावरून आतलं दुखणं कळायला लागलं होतं. तो कानाला लाकडी दांडा लावायचा, दांड्याचं दुसरं टोक इंजिनाला टेकवायचा आणि हळूच सांगायचा, "तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग." फिटर इंजिन उघडायचे, तिसऱ्याचंच बेअरिंग निघायचं, आणि कागदावर फिटरचं नाव चढायचं.

फिटर लोकांची कपडे बदलायची खोली वेगळी होती. दारावर इंग्रजीत पांढऱ्या रंगात एकच शब्द होता. देवाप्पाला इंग्रजी येत नव्हतं, पण तो शब्द त्यानं अकरा वर्षं येता-जाता पाहिला होता. मध्ये दोन सारखी अक्षरं शेजारी-शेजारी उभी, जुळ्या भावांसारखी. त्या दारातून आत जायचं, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं. लोक काशीला जायचं म्हणतात, हा त्या खोलीत जायचं म्हणायचा. त्यासाठी हातकामाची परीक्षा लागे, आणि परीक्षेला बसायला एखाद्या अधिकाऱ्याची शिफारस. तिथं घोडं अडलं होतं.

मग साठ साली खांबेटेसाहेब आले. उमाकांत खांबेटे, पुण्याचे, इंजिनियर. पहिल्याच दिवशी शॉपमध्ये फेरी मारताना त्यांनी देवाप्पाला कुणाशी तरी मराठीत बोलताना ऐकलं आणि तिथंच थांबले. "अरे वा! तू आपला माणूस!" देवाप्पा त्या दिवशी घरी येऊन चंपाला म्हणाला, "आपला मानूस आलाय." चंपानं विचारलं, "कुनाचा?" प्रश्न बरोबर होता. देवाप्पाला तो तेव्हा कळला नाही.

साहेबांना होड्यांचा नाद. कारखान्यातल्या अधिकाऱ्यांनी अलसूरच्या तळ्यावर एक क्लब काढला होता. तिथं साहेबांनी प्लायवूडची एक चिमुकली मोटरबोट बांधून घेतली, एका माणसापुरती. घोड्यावर बसावं तसं बसायचं आणि सुसाट सुटायचं. आत एका जुन्या विलायती मोटारीचं इंजिन बसवलं. बसवलं म्हणजे देवाप्पानं बसवलं. साहेब म्हणाले होते, "रविवारचं क्लबचं काम कर, तुझं नाव फिटरच्या परीक्षेला मी पाठवतो." दोन वर्षं देवाप्पाचे रविवार तळ्यावर गेले.

इंजिन जुनं, त्याला दम लागायचा. चालत्या इंजिनाच्या पोटात वाफ कोंडते, ती बाहेर पडायला एक नळी असते, आणि झिजलेल्या इंजिनाची वाफ बरोबर तेलही घेऊन येते. ते तेल होडीच्या तळाशी साचे, पाण्यावर त्याचा रंगीत तवंग पसरे, काठावरचे धोबी शिव्या घालत. पण धोब्यांच्या शिव्यांनी कुठल्या साहेबाला जाग आली आहे? जाग आली ती पांढऱ्या पॅन्टमुळे. साहेब शुभ्र पॅन्ट घालून होडीवर बसत आणि उतरताना मागं काळे शिंतोडे घेऊन उतरत. एकदा क्लबातल्या बायका हसल्या, त्यांत त्यांच्या सौभाग्यवती हेमलताबाईही होत्या. दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला, "देवाप्पा, या तेलाचं काहीतरी कर. आणि लवकर."

देवाप्पानं तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी तो स्वयंपाकघरात चंपाची कॉफी गळताना पाहत बसला. वरच्या भांड्यात पूड, पाणी तिच्यातून झिरपतं, अर्क खाली जमतो. त्याला हवं ते सापडलं. चंपाचा जुना पंपाचा स्टोव्ह बाद होऊन माळ्यावर पडला होता. मोडीत घालून त्याचा तांब्या घ्यायचा असं तिनं ठरवलं होतं. देवाप्पानं त्याची पितळी टाकी कापून काढली. चंपानं आधी आदळआपट केली आणि मग टाकी चिंचेनं घासून दिली.

टाकीच्या एका बाजूला इंजिनाच्या वाफेची रबरी नळी येईल असा तोंडाचा तुकडा त्यानं जोडला. आत लेथवर निघालेला पितळेचा कीस भरला, खोबऱ्याच्या किसासारखा कुरळा. वाफ आत येऊन किसावर आपटायची, तेल किसाला चिकटून थेंबथेंब खाली गळायचं. खाली एका जुन्या कॉफीच्या भांड्याची तोटी, ती उघडली की साठलेलं तेल बाटलीत. आणि वर, स्टोव्हचा बर्नर जिथं बसायचा तिथं, पेन्सिल जाईल एवढं भोक त्यानं मुद्दाम उघडं ठेवलं, कानशीनं गुळगुळीत केलं. तेल गेलेली कोरडी वाफ तिथून बाहेर.

"ह्ये त्याचं नाक," त्यानं चंपाला दाखवलं. "समदं त्येच्यावर चालतंय. नाक दाबलं की इंजिन मेलं."

"साहेबास्नी सांगितलासा?"

"इंजिनियर हाईत ते. त्यास्नी न कळाय काय झालं?"

घ्या! हेल्परनं मान्य केलेलं इंजिनियराचं मोठेपण. साहेबांना काहीच कळलं नव्हतं. टाकी स्टोव्हची, तेव्हा वरचं भोक स्टोव्हचं जुनंच, बुजवायचं राहून गेलेलं, असं त्यांनी मनाशी धरलं आणि विचारायची तसदी घेतली नाही. होडी पळाली, पॅन्ट पांढरी राहिली, तवंग गेला. बाकीच्या अधिकाऱ्यांनी वाकून वाकून डबा बघितला. "युक्ती कुणाची?" असं कुणीतरी विचारलं तेव्हा देवाप्पा चार हातांवर तोटी पुसत होता. साहेब म्हणाले, "आपलीच." आपलीच म्हणजे कुणाची, हे मराठीत मोठं सोयीचं असतं.

महिन्याभरानं कारखान्याच्या इंग्रजी मासिकात साहेबांचा फोटो आला. खाली डब्याचं चित्र, साहेबांनी स्वतः काढलेलं, बाण काढून भागांची नावं दिलेलं. ऑफिसातल्या हयवदन नावाच्या कारकुनानं अंक देवाप्पाला दाखवला. हयवदन धारवाडकडचा, कपाळावर अंगारा-अक्षता, मराठी समजणारा आणि त्यात कानडी मिसळून बोलणारा. देवाप्पा चित्राकडे बराच वेळ बघत राहिला.

"तुझं नाव नाही म्हणून वाईट वाटतं?" हयवदननं विचारलं.

"नाक न्हाई," देवाप्पा म्हणाला.

खोटं कशाला सांगायचं, नाव नसल्याचंही त्याला वाईट वाटलं होतं. पण नाव मागायची त्याची जीभ नव्हती, आणि नाकाचं तरी सांगायला हवं होतं. तो साहेबांकडे गेला.

"साहेब, चित्रात वरचं भोक ऱ्हायलं."

"ते भोक होय? ते स्टोव्हचं रे. ते कसलं दाखवायचं? उलट तू ते बुजवायला हवं होतंस." साहेब कागदातून मान वर न काढता म्हणाले. "आणि हो, तुझी शिफारस लिहितोय बरं का. दसरा होऊ दे. दसऱ्याला शर्यत आहे, दिल्लीचे पाहुणे येणारेत. ती जिंकलो की तुझी परीक्षा पक्की."

देवाप्पाच्या ओठांवर वाक्य आलं होतं. भोक बुजवायचं नसतं साहेब, ते मी ठेवलंय. सात-आठ शब्द. पण ते बोललं तर साहेबांना कळत नव्हतं असा अर्थ झाला असता, आणि शिफारस अजून लिहायची होती. तो म्हणाला, "सरी साहेब."

बंगळुरात खंडेनवमीला आयुधपूजा म्हणतात, आणि ती दिवाळीहून दणक्यात होते. लेथला केळीचे खुंट, मोटारींच्या चाकांखाली लिंबं, कोहळा फोडून त्यावर कुंकू. त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन पुसून देवापुढं मांडतात. एकदा मांडली की दसऱ्याची आरती होईपर्यंत कुणी उचलायची नाहीत. पाना नाही, कानस नाही, साधा स्क्रूड्रायव्हरसुद्धा नाही. गवंडी थापी उचलत नाही, न्हावी वस्तरा उचलत नाही. देवाप्पानं तर हा नेम जन्मात मोडला नव्हता. त्यानं क्लबातल्या पूजेत आपली हत्यारं सकाळीच मांडली आणि हळदकुंकू वाहिलं.

संध्याकाळी साहेब आणि हेमलताबाई आले. चार दिवसांपूर्वी साहेबांनी डबा काढून नेला होता, पाहुण्यांसाठी चकचकीत करून आणतो म्हणून. आता तो त्यांनी रेशमी रुमालातून काढला. डबा सोन्यासारखा झळकत होता. आणि वर, बरोबर मधोमध, चिकपेठेतल्या सोनारानं झाळून बसवलेला पितळेचा गणपती.

नाकावर.

"कसा आहे?" हेमलताबाई कौतुकानं म्हणाल्या. "ते ओंगळ भोकही झाकलं आणि देवही बसला." त्यांनी गणपतीला हळदकुंकू लावलं, दूर्वा वाहिल्या. साहेबांनी आपल्या हातांनी डबा होडीत बसवला, रबरी नळी चढवली.

देवाप्पा पुढं आला. "साहेब... नाकावर बसवलासा."

"काय?"

"देव. त्ये भोक लागतंय साहेब. वाफ कोंडंल. ह्यो काढाय पायजे."

आजूबाजूला अधिकारी, त्यांच्या बायका, हातात प्रसाद. साहेबांचा चेहरा लाल झाला. आपल्याच चित्रातल्या, आपल्याच नावाच्या डब्याबद्दल एक हेल्पर चारचौघांत शिकवतो? ते हसले, पण दात आवळून. "देवाप्पा, आज आयुधपूजा. आज तू गणपतीला छिन्नी लावणार? आणि छिन्नी आणणार कुठून, ती तर पूजेत आहे!" सगळे हसले. शुभदिवशी विघ्नहर्त्याला उपटायला निघालेला माणूस, हसणारच लोक. "उद्या शर्यत झाली की बघू. सरी?"

देवाप्पानं मांडलेल्या हत्यारांकडे पाहिलं. मग म्हणाला, "सरी."

आता इथं कुणालाही चीड यावी. अरे बाबा, छिन्नी नको, पाना नको, रबरी नळी हातानं उपसता येत होती! दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या आधी दोन बोटांनी ओढली असती तर इंजिन मोकळा श्वास घेतं. देवाप्पाला ते सुचलं नव्हतं असं नाही. तो सकाळी होडीपाशी उभा होता, हात नळीवर होता. पण नळी काढली की तेल पुन्हा पॅन्टवर, दिल्लीच्या पाहुण्यांसमोर, आणि मग कसली शिफारस नि कसलं काय. त्यानं हात मागे घेतला. गणपतीला नमस्कार केला. पुढं आयुष्यभर त्याला डबा आठवला नाही तेवढा तो मागे घेतलेला हात आठवला.

दोन फेऱ्या होडी सगळ्यांच्या पुढे होती. तिसऱ्या फेरीत देवाप्पानं काठावरून आवाज ऐकला आणि त्याला कळलं. इंजिन गुदमरत होतं. कोंडलेल्या वाफेनं शेवटी तेल मोजायची पट्टी बंदुकीच्या गोळीसारखी उडवली, आणि त्या भोकातून उकळतं तेल थेट तापलेल्या धुराड्यावर पडलं. भडका उडाला. साहेबांनी पाण्यात उडी घेतली, तेवढी अक्कल त्यांना होती. भुवया आणि मिशी जळाली, हातावर फोड आले. होडी पाण्यापर्यंत जळून बुडाली आणि गणपतीसकट डबा तळ्याच्या गाळात गेला. तो शोधायला पुढं कुणी सांगितलं नाही.

दिल्लीच्या पाहुण्यांसमोर झालेला प्रकार, म्हणून चौकशी बसली. चौकशीच्या आदल्या दिवशी हयवदन जेवणाच्या सुट्टीत देवाप्पाला गोडाऊनच्या मागं घेऊन गेला. त्याच्या हातात साहेबांनी लिहिलेला अहवाल होता.

"नोडप्पा, बघ बाबा, नीट ऐक. साहेबांनी लिहिलंय, कल्पना माझी, पण काम याचं, आणि चूक कामात आहे." त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे बघ."

देवाप्पानं पाहिलं. त्याच्या नावाच्या आधी एक शब्द होता. मध्ये दोन जुळी अक्षरं. दारावरचा शब्द.

"फिटर," देवाप्पा म्हणाला आणि त्या शब्दावरून त्यानं बोट फिरवलं.

"आनंद नको करू, हुच्चा, वेड्या!" हयवदन चिडला. "हेल्परनं काम केलं तर जबाबदारी त्याच्या साहेबाची. फिटरनं केलं तर फिटरची. म्हणून तुला फिटर केलाय. उद्या तू फक्त एवढं सांग. मी हेल्पर आहे, हजेरीचं मस्टर काढून बघा. साहेबांनी सांगितलं तसं ठोकलं, मला यातलं काही कळत नाही. एवढं सांग, तू सुटलास."

देवाप्पा म्हणाला, "पर मला कळतंय की."

"कळू दे! बोलू नको म्हणतोय मी."

रात्री चंपानंही तेच सांगितलं. हेल्पर तर हेल्पर, चूल पेटते आहे. देवाप्पा जेवला, भांडं पालथं घातलं, आणि पहिल्यांदाच तिला 'सरी' म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलापलीकडे तीन अधिकारी. खांबेटेसाहेब बाजूला, हाताला पट्टी, भुवया नाहीत, त्यामुळे चेहऱ्यावर सारखं आश्चर्य. मधल्या अधिकाऱ्यानं विचारलं, "तू फिटर?"

हयवदन कोपऱ्यात लिहीत होता, त्याचा टाक थांबला. एक शब्द पुरे होता. नाही. मी हेल्पर. मला कळत नाही. अकरा वर्षं जे खोटं त्याच्याबद्दल कागदावर लिहिलं जात होतं, तेच आता स्वतःच्या तोंडानं म्हणायचं होतं.

"व्हय," देवाप्पा म्हणाला. "डबा मीच केला. डोस्कं माजं, हात माजं. त्येला नाक ठेवलं हुतं. नाकावर गनपती साहेबांनी बसवला. मी सांगितलं हुतं."

आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण त्यानं केलं, आणि अक्षर न् अक्षर खरं. मधल्या अधिकाऱ्यानं शांतपणे मासिकाचा अंक उघडला, चित्र पुढं सरकवलं. "यात भोक कुठं आहे?"

देवाप्पानं चित्राकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. खांबेटे खिडकीबाहेर बघत होते. देवाप्पा शेवटपर्यंत म्हणायचा की साहेब वाईट नव्हते, घाबरले होते. असतील. पण घाबरलेल्या माणसानं तोंड उघडलं नाही तर त्याला भला म्हणायचं, ही सवय ज्यांना आहे त्यांनी खुशाल म्हणावं. आपला माणूस! परका असता तर निदान देवाप्पानं आधीच जपून पावलं टाकली असती.

आठ दिवसांत कामावरून काढल्याचा कागद आला. साहेबांची वर्षाच्या आत बढतीवर बदली झाली. जाताना त्यांनी हयवदनबरोबर देवाप्पासाठी एक जुना कोट पाठवला. चंपानं तो बोहारणीला देऊन एक पातेलं घेतलं, स्टोव्हच्या टाकीची भरपाई म्हणून.

देवाप्पा कामासाठी वणवण फिरला. कुठंही गेला की पहिला प्रश्न, आधीच्या कामाचा कागद? कागद एकच होता, काढल्याचा. शेवटी के. आर. पुरमला रेल्वे फाटकाजवळ आप्पाजी नावाच्या म्हाताऱ्याचं लॉऱ्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं, तिथं तो गेला. खिशातून घडी काढली, उलगडली, आणि आप्पाजीसमोर धरताना एका शब्दाखाली बोट ठेवलं. बाकीच्या मजकुरावर तळहात.

आप्पाजीला इंग्रजी येत होतं. त्यानं देवाप्पाचा तळहात हळूच बाजूला केला आणि सगळं वाचलं, दोनदा. चष्मा काढला.

"यात लिहिलंय, तुझ्या कामानं होडी जळाली. तुला काढलाय."

"व्हय," देवाप्पा म्हणाला. "त्येच्या आदी काय लिवलंय?"

आप्पाजीनं पुन्हा कागद पाहिला. "फिटर देवाप्पा भरमा खोत."

"त्ये सरकारनं लिवलंय. शिक्का हाय खाली."

म्हाताऱ्यानं त्याच्या हातांकडे पाहिलं, नखांतल्या न जाणाऱ्या काळ्या तेलाकडे पाहिलं. मागं एक लॉरी सुरू होती. देवाप्पाची मान आपोआप तिकडं वळली. "दुसऱ्याचा व्हॉल्व्ह," तो पुटपुटला. आप्पाजीनं ते ऐकलं. तो माणूस वाईट नव्हता, आणि घाबरलेलाही नव्हता.

"तू फिटर आहेस, ते दिसतंय मला," तो म्हणाला. "पण फिटर माझा पुतण्या आहे. जागा हेल्परची आहे. त्याला पाने द्यायचे."

सबंध दोन महिने देवाप्पाच्या तोंडून तो होकाराचा शब्द निघाला नव्हता. चंपासुद्धा त्याबद्दल शेजारणीला सांगायला लागली होती. त्यानं कागदाची जुन्याच रेघांवर घडी घातली, जुळी अक्षरं आत राहतील अशी, आणि खिशात ठेवली.

"सरी," तो म्हणाला.